बावीस इंचांची रेघ

चारही भिंतींवर रेघ होती.

टेपमावशी दारातच थबकल्या. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. मंगळवारी सकाळी कुलूप लावून गेल्या, तेव्हा घरावर छप्पर नव्हतं, गाद्यांचा लगदा झाला होता, भिंती वरून निथळत होत्या. पण ही रेघ नव्हती. मातकट, गुडघ्याच्या जरा वर, दारापासून निघून खोलीला वेढा घालून पुन्हा दाराशी आलेली. तिच्याखाली भिंत तपकिरी, वर पांढरी.

"काका, हे काय आहे?"

मागे चावी घेऊन उभे असलेले काका गल्लीबाहेर, समोरच्या चाळीच्या माडीवर राहायचे. उभा जन्म ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेलेला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी शर्ट पांढरा आणि खिशात पेन असायचंच.

"काल विमा कंपनीचे सर्वेअर आले होते. मी हाच प्रश्न त्यांना विचारला. म्हणाले, नाल्याचं पाणी शिरलंय."

"माझ्या घरात नाल्याचं पाणी आलंच नाही."

"तेच मी बोललो. तर म्हणतात, तुम्ही माडीवर असता, तुम्हाला काय कळणार! टेप लावला, फोटो काढले आणि गेले."

टेपमावशी कपडे शिवायच्या. मापाची टेप गळ्यात कायम, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव. नवरा गवंडी होता. हे घर त्याने स्वतःच्या हाताने बांधलं, सुट्टीच्या दिवशी एकेक थर चढवत. तो जाऊन नऊ वर्षं झाली होती.

गल्लीत घरं सात. मावशींचं शेवटचं, सगळ्यात सखल, नाल्याला पाठ लावून. सोमवारी दुपारी चार वाजता वादळ आलं आणि वीस मिनिटांत सातही घरांचे पत्रे उडवून घेऊन गेलं. मग पाऊस. वरून, सरळ घरात. नाला काठोकाठ भरला, पण काठ ओलांडला नाही. मावशी मंगळवारी सकाळपर्यंत त्याच्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. मग शेजाऱ्यांनी वर ताडपत्री बांधली, मावशींनी चावी काकांकडे दिली आणि धाकट्या बहिणीच्या गावी गेल्या. आज शनिवार.

त्या आत शिरल्या. ताडपत्रीखाली काकांनी बादली ठेवली होती, ती काठोकाठ भरलेली. मावशींचा पाय लागला आणि बादली कलंडली. पाणी क्षणभर फरशीवर पसरलं आणि मग आपोआप मागच्या मोरीकडे पळालं. काकांनी धोतर सावरावं तसा पँटचा काठ वर धरला.

"राहू द्या, जाईल," मावशी म्हणाल्या. त्यांचं लक्ष भिंतीकडेच होतं.

बाहेर स्कूटर वाजली. विमादादा आला.

विमादादा म्हणजे विम्याचा एजंट. सातही घरांचे विमे त्यानेच उतरवले होते. कुणाचं बारसं असो की मयत, हा हजर. वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच तो घरोघर फिरला, सगळ्यांचे विम्याचे कागद गोळा केले, भरपाईचे फॉर्म स्वतः भरून देतो म्हणाला. लोकांनी डोळे मिटून सह्या केल्या. मावशींनीही बहिणीच्या गावी निघता निघता, रिक्षात बसून सही केली होती.

"मावशी, आलात? बरं झालं," तो आत डोकावला. "अरेरे. काय दशा झाली भिंतीची! आजच धुऊन काढा. दोन हात चुन्याचे मारून घ्या. नाल्याची घाण आहे, आजारी पडाल."

"तू पाहिलं होतंस हे?"

"पाहिलं ना. मन खात होतं हो नुसतं. आणि एक सांगू? कुणी विचारलं, तर छपराचं काही बोलू नका इतक्यात. आधी घरातल्या सामानाचं मंजूर होऊ दे. छपराचं मागाहून बघू. मी आहे ना."

तो गेल्यावर काकांनी कोपऱ्यातली दुसरी, भरलेली बादली उचलली, चिंधी बुडवली.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "भिंतीला हात लावायचा नाही."

"अहो, पण वास—"

"येऊ दे वास. ही माझ्या घरात मला न विचारता आलीय. कुठून आली ते कळल्याशिवाय जाणार नाही."

*

सर्वेअर येऊन गेल्यावर दहाव्या दिवशी, सोमवारी, सातही घरांना एकसारखी पत्रं आली. नुकसान पुराच्या पाण्याने झालेलं आहे. विमा वादळाचा आहे, पुराचा नाही. दावा नामंजूर.

गल्लीत रडारड झाली. पहिल्या घरातल्या रिक्षावाल्याने पत्राचे चार तुकडे केले. विमादादा सगळ्यांच्या खांद्यावर हात ठेवत फिरला. "मी भांडलो वरपर्यंत," तो सांगत होता, "पण कंपनीपुढे आपलं काय चालतं?"

मावशींनी पत्राची घडी ब्लाउजच्या मापांच्या वहीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला विमा कंपनीच्या शाखेत जाऊन बसल्या.

शाखाधिकारी मॅडम चाळिशीच्या. टेबलावर फायलींचे ढीग, मान वर करायला फुरसत नाही.

"मावशी, तुमची गल्ली सांगते पाणी आलं नाही. पण तुमचं घर सगळ्यात खाली. तिथे दोन फूट पाणी चढल्याची खूण आहे. मग इतरांच्या घरातलं पाणीही नाल्याचंच, असं सर्वेअरचं म्हणणं. भिंत कशाला खोटं बोलेल?"

"भिंत बोलत नाही. तिच्या नावावर कुणीतरी बोललंय."

"बरं, भिंत सोडा. तुमचा स्वतःचा दाव्याचा अर्ज बघा." मॅडमनी फाइल फिरवली. छापील अर्ज, निळ्या शाईत भरलेला, खाली मावशींची सही. कोपऱ्यात आवक झाल्याचा गोल जांभळा शिक्का: बुधवार, अकरा वाजून वीस मिनिटं. नुकसानीचं कारण या ओळीपुढे लिहिलं होतं: नाल्याचे पाणी घरात शिरून अंदाजे दोन फूट साचले.

मावशींनी ओळ दोनदा वाचली. अक्षर विमादादाचं. त्यांच्या वहीत त्याने कितीदा फोन नंबर लिहून दिले होते.

"हे मी सांगितलेलं नाही."

"सही तुमची आहे."

"सही माझी, वाक्य माझं नाही. पाणी वरून आलं, मॅडम. छप्परच उडालं होतं."

"मावशी, स्लॅबच्या घरात वरून येऊन येऊन किती येणार?"

"स्लॅब?"

मॅडमचा फोन वाजला. त्या पाच मिनिटं बोलत राहिल्या. फोन ठेवला तरी मावशी समोर तशाच बसलेल्या.

"अजून काही?"

"या अर्जाची शिक्क्यासकट प्रत द्या. आणि तुम्ही स्वतः माझ्या घरी या. सर्वेअरला घेऊन."

"असं येता येत नाही आम्हाला."

"मग मला इथून जाता येत नाही."

मॅडम हसल्या. दुपारी एकला त्यांनी डबा उघडला, तेव्हा त्यांचं हसू गेलं होतं. तीनला शिपायाने दोनदा विनवून पाहिलं. मावशींनी पिशवीतून एक अर्धवट पँट काढली आणि तिथेच बाकावर बसून काजं करायला घेतली. भरपाईसाठी आलेल्या दोन माणसांनी चौकशी केली. मावशींनी त्यांना सगळं सविस्तर, खणखणीत आवाजात सांगितलं.

चारला प्रत मिळाली. "शुक्रवारी सकाळी येते," मॅडम म्हणाल्या. "अर्धा तास. पण मला रडगाणं नको, पुरावा हवा."

"मी रडायला आलेच नव्हते," मावशी म्हणाल्या.

*

शुक्रवारपर्यंत तीन दिवस होते.

पहिला संशय मनात आला तो पुतण्याचा. नवऱ्याच्या भावाचा मुलगा, बसच्या डेपोत मेकॅनिक. वर्षभर मागे लागला होता की काकू, हे घर विक आणि माझ्याकडे राहायला ये. भरपाई मिळाली नाही, तर मावशींना घर विकावंच लागणार. त्या तडक डेपोत गेल्या.

"मी बहिणीकडे होते तेव्हा तू घरात गेला होतास?"

पुतण्या बसखालून बाहेर आला. हात काळे. "गेलो होतो. गुरुवारी."

"कशाला?"

"तू चोराला विचारल्यासारखी का विचारतेस, काकू?"

"उत्तर दे."

त्याचा चेहरा पडला. "तुझं मशीन भिजलं होतं. उघडून पुसलं, तेल घातलं, प्लास्टिक गुंडाळलं. गंज चढला असता तर काय केलं असतंस?"

बहिणीकडून परत आल्याआल्या मावशींनी मशीन चालवलं, तेव्हा ते लोण्यासारखं फिरलं होतं. त्यांना वाटलं होतं, काकांनी वेळेवर प्लास्टिक गुंडाळलं, नशीब.

"तेव्हा भिंतीवर रेघ होती?"

"कसली रेघ? मी मशीन भिंतीपासून ओढून घेतलं होतं. भिंतीवर काही नव्हतं."

"खरं?"

"नसेल पटत तर विचारू नकोस." तो पुन्हा बसखाली गेला.

मावशी तशाच उभ्या राहिल्या. खरं बोलत असेल, तर आपण त्याला फार लागेल असं विचारलं होतं. खोटं बोलत असेल, तर एकटा तोच गुन्हेगार. त्याच्या शब्दापलीकडे काही हवं होतं.

संध्याकाळी त्या काकांच्या माडीवर गेल्या.

"काका, माझी चावी कुणाकुणाला दिलीत?"

काका उठले, कपाटातून लांबट वही काढली. पानावर रकाने आखलेले. "सवय जात नाही," ते ओशाळून म्हणाले. "घेताना वेळ, देताना वेळ. सहीसुद्धा घेतो."

वहीत चार नोंदी होत्या. बुधवार, संध्याकाळी सहा ते साडेसहा: स्वतः काका. गुरुवार, सकाळी दहा ते पावणेअकरा: पुतण्या. गुरुवार, दुपारी एक ते अडीच: विमादादा. शुक्रवार, अकरा ते साडेअकरा: सर्वेअर, काका सोबत.

"यांच्याशिवाय कुणी?"

"नाही. कुलूप तुमच्या यजमानांनी लावलेलं, तोडायला पहार लागेल. आणि एकच चावी."

"बुधवारी तुम्ही काय केलंत आत?"

"गळत होतं तिथे बादली ठेवली. फरशी पुसली. मग दम लागला म्हणून मशीनशेजारी भिंतीला पाठ टेकून जरा बसलो."

"कोणता शर्ट होता अंगात?"

काका हसले. "माझ्याकडे दुसऱ्या रंगाचा शर्ट आहे का?"

"पाठीला चिखल लागला होता?"

काका विचारात पडले. मग सावकाश मान हलवली. "नुसता ओला झाला होता. दोरीवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी तोच घातला."

मावशी घरी आल्या. दिवा लावला, गळ्यातली टेप काढली आणि दारापाशी जमिनीपासून रेघेपर्यंत माप घेतलं. बावीस इंच. चार पावलं पुढे सरकल्या. बावीस. खिडकीखाली, बावीस. मोरीच्या तोंडाशी, बावीस.

त्या तिथेच खाली बसल्या. आयुष्यभरात हजारो फ्रॉकांचे घेर त्यांनी मापले होते. पोरीला स्टुलावर उभं करायचं, खालून पट्टी लावायची, गोल फिरवायचं, खडूने खुणा करायच्या. ही रेघ त्यांना ओळखीची वाटत होती. पहिल्या दिवसापासून.

मावशींनी माळ्यावरची लोखंडी पेटी खाली ओढली.

*

शुक्रवारी सकाळी खोली भरून गेली. मॅडम खुर्चीत, मांडीवर फाइल. सर्वेअर घड्याळ बघत. काका वही घेऊन. पुतण्या दारात, हाताची घडी घालून; मावशींनी निरोप पाठवला होता, तो आला होता, पण बोलत नव्हता. गल्लीतली माणसं खिडकीतून डोकावत होती. विमादादाला मॅडमनीच बोलावलं होतं. तो सगळ्यांना पाणी देत होता.

"बोला मावशी," मॅडम म्हणाल्या. "अर्धा तास."

मावशींनी पेटीतून एक लांब पारदर्शक नळी काढली. प्लास्टिकची, जुनी, पिवळी पडलेली. त्यात पाणी भरलेलं.

"गवंडी हिने लेव्हल बघतात. दोन टोकांत पाणी नेहमी एकाच उंचीला राहतं. सर्वेअरसाहेब, तुम्ही एक टोक दारापाशी धरा. पाणी बरोब्बर रेघेवर येऊ द्या."

सर्वेअर नाखुषीने उठला. नळी धरली, वरखाली केली. "आलं."

मावशी दुसरं टोक घेऊन मोरीपाशी गेल्या. नळी भिंतीला लावली. "मॅडम, इकडे या. पाणी कुठे आहे?"

मॅडम वाकल्या. नळीतलं पाणी रेघेच्या वर होतं. चांगलं चार इंच वर.

"म्हणजे?"

"म्हणजे दारापाशी पाणी त्या रेघेपर्यंत चढलं असतं, तर इथे ते इतकं वर असायला हवं होतं. माझी फरशी सपाट नाही. माझ्या नवऱ्याने तिला मोरीकडे ढाळ दिलाय. दारापासून इथपर्यंत चार इंच. डोळ्याला दिसत नाही. पण सांडलेलं पाणी मागे पळतं, काकांना विचारा. पुराचं पाणी सपाट उभं राहतं. मग जिथे फरशी खाली, तिथे रेघ जमिनीपासून उंच. इथे सगळीकडे बावीस इंच. दारापाशी बावीस, मोरीपाशी बावीस. फरशी उतरली, तशी रेघही उतरली."

त्यांनी टेप मॅडमच्या हातात दिली. "मोजा."

मॅडमनी मोजलं. दोन्हीकडे. मग सर्वेअरने मोजलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"ही रेघ पाण्याने काढलेली नाही," मावशी म्हणाल्या. "कुणीतरी जमिनीपासून पट्टी लावत, खुणा करत, खोलीभर फिरलंय. आम्ही फ्रॉकचा घेर मापतो तसं."

खिडकीत कुजबुज उठली. विमादादाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "अरे बापरे. पण मावशी, असं कोण करेल?"

"ते शोधायला वेळ लागला. काका, वही."

काकांनी नोंदी वाचून दाखवल्या. बुधवारी सहा वाजता आपण त्याच भिंतीला टेकून बसलो होतो आणि पांढऱ्या शर्टाला चिखल लागला नव्हता, हेही सांगितलं.

"म्हणजे बुधवारी संध्याकाळपर्यंत रेघ नव्हती. शुक्रवारी सर्वेअरसाहेबांनी ती पाहिली. मधे दोघंच आत गेले." मावशींनी श्वास घेतला. "एक माझा पुतण्या."

पुतण्याने मान वर केली. गल्ली त्याच्याकडे बघायला लागली.

"काकू—"

"दुसरा तू," मावशी विमादादाकडे वळल्या. "फॉर्म तू भरलास ना?"

"सगळ्यांचेच मी भरले. मदत म्हणून."

"घरात दोन फूट पाणी शिरलं, हे तुला या पुतण्याने सांगितलं का?"

"छे! मी कशाला कुणाच्या सांगण्यावर लिहीन? एवढं महत्त्वाचं काम. मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं, मगच लिहिलं."

"कधी पाहिलंस?"

"काकांकडून चावी घेतली तेव्हाच की. गुरुवारी. वहीत सही आहे माझी."

"त्याआधी आत आला होतास?"

"चावीच नव्हती, तर येणार कसा?"

"मॅडम, माझ्या अर्जावरचा शिक्का वाचा."

मॅडमनी फाइल उघडली. वाचायच्या आधीच त्या थांबल्या. मग प्रत्येक शब्द सुटा करून वाचलं. "बुधवार. अकरा वाजून वीस मिनिटं."

"बुधवारी सकाळी हा अर्ज तुमच्या टेबलावर पोचला," मावशी म्हणाल्या. "त्यात लिहिलंय, दोन फूट पाणी. बुधवारी संध्याकाळी भिंत कोरी होती. म्हणजे आधी कागदावर पाणी आलं आणि मग भिंतीवर. रेघ उमटण्याआधी तिची उंची एकाच माणसाला ठाऊक होती."

"शिक्का चुकला असेल," विमादादा म्हणाला. त्याची जीभ अडखळली. "गर्दीत तारीख चुकते हो."

"शिक्क्याची तारीख रोज सकाळी मी स्वतः फिरवते," मॅडम थंडपणे म्हणाल्या. मग त्यांनी मावशींकडे पाहिलं. "पण याला यातून काय मिळणार? दावे मंजूर झाले असते, तर याचंच नाव झालं असतं."

"तुम्हीच मला सांगितलंत ते."

"मी?"

"तुम्ही म्हणालात, स्लॅबच्या घरात वरून किती पाणी येणार. या गल्लीत एकाही घराला स्लॅब नाही, मॅडम. सगळी पत्र्याची. मग तुम्हाला स्लॅब कुणी सांगितला? आमचा विमा उतरवतानाचा पहिला अर्ज काढा. छप्पर कशाचं, तिथे काय लिहिलंय?"

मॅडमनी पानं उलटली. ओठ घट्ट मिटले. "सिमेंटचा स्लॅब."

"बाकीच्या सहांचं?"

"सातही अर्जांत तेच असणार. मी सह्या त्यावरच केल्यात." त्या सर्वेअरकडे वळल्या. "तुम्हाला छप्पर दिसलं नाही?"

"दिसलं ना. पण पहिला अर्ज माझ्याकडे नसतो," सर्वेअर पुटपुटला. "मला दाव्याचा कागद मिळाला. पूर म्हटल्यावर छप्पर तपासायचं कारणच उरत नाही."

"तेच त्याला हवं होतं," मावशी म्हणाल्या. "वादळाचा दावा झाला असता, तर कुणीतरी शिडी लावून वर चढलं असतं आणि अर्जाशी छप्पर ताडून पाहिलं असतं. सातही खोटे अर्ज उघडे पडले असते. पूर म्हटला की फाइल पहिल्याच पानावर बंद. म्हणून हा दुसऱ्या दिवशी सकाळीच आमचे कागद गोळा करून घेऊन गेला. म्हणून मला म्हणाला, छपराचं बोलू नका. आणि सर्वेअरने फोटो काढल्यावर म्हणाला, चुना मारून टाका. बाकीच्या घरांत माणसं राहत होती. रिकामं, कुलूपबंद आणि सगळ्यात सखल असं एकच घर होतं. माझं."

विमादादा भिंतीला टेकला.

"नाल्याचाच चिखल होता," तो शेवटी म्हणाला. "रंगाचा ब्रश घेऊन आलो होतो." मग एकदम मान वर करून म्हणाला, "पण मावशी, पत्र्याच्या घरांना कंपनी विमा देतच नव्हती. किती खेटे घातले मी! तुमच्यासाठीच लिहिला स्लॅब. नाहीतर तुम्हाला विमा मिळालाच नसता."

"मिळाला कुठे?" मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आठ वर्षं आम्ही निर्धास्त झोपलो. विमा नाही हे माहीत असतं, तर रिक्षावाल्याने पत्र्याला दुहेरी कड्या ठोकल्या असत्या. मी चार ब्लाउज जास्त शिवून वाशे बदलले असते. तू आम्हाला तेवढंही करू दिलं नाहीस. आणि पकडला जाशील म्हटल्यावर सात घरं बुडवायला निघालास. आमच्या सुखदुःखात येऊन बसायचास रे. मला सरळ येऊन सांगितलं असतंस, तर मी तुझ्यासोबत आले असते शाखेत."

विमादादा वळला. दारातून बाहेर पडताना त्याला कुणी अडवलं नाही आणि कुणी वाटही सोडली नाही. अंग चोरून, भिंतीला घासत त्याला जावं लागलं. स्कूटर सुरू व्हायला तीन लाथा लागल्या.

*

मॅडमनी फाइल मिटली. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"मावशी, तुमचं प्रकरण स्पष्ट आहे. अर्ज आमच्या एजंटने भरला, खोटं त्याने लिहिलं, त्याची जबाबदारी कंपनीला टाळता येणार नाही. तुमचा दावा मी आजच पुन्हा उघडते. महिन्याभरात मंजूर करून घेईन. फक्त..." त्यांनी खिडकीकडे नजर टाकली. "बाकीच्या सहांचं वेगळं बघावं लागेल. त्यांच्या घरात अशी रेघ नाही, असा पुरावा नाही. तुम्ही आत्ता सही केलीत, तर तुमचं तरी मार्गी लागेल."

त्यांनी कोरा अर्ज पुढे केला, वर पेन ठेवलं.

रिक्षावाला मान खाली घालून उभा होता. सही कर म्हणायला त्याला जड जात होतं, आणि करू नको म्हणायचा त्याला हक्क वाटत नव्हता.

मावशींनी पेन उचललं आणि मॅडमच्या फाइलीवर परत ठेवलं.

"माझ्या एका भिंतीवरून तुम्ही सात दावे फेटाळलेत. तेव्हा सहा घरांचा वेगळा पुरावा मागितला नव्हतात. आता भिंत खोटी ठरली, तर सातही उघडतील. एकाच वेळी."

"नियम असा नसतो हो."

"मग नियम लेखी द्या. सही-शिक्क्यानिशी. उद्या आम्ही सातही घरं तुमच्या शाखेत येऊन बसतो. मी पँट आणली होती त्या दिवशी. आता सतरंजी आणीन."

मॅडमना हसू आवरलं नाही, पण त्यात चेष्टा नव्हती. त्या काही बोलायच्या आत सर्वेअर उठला. त्याने कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या दुमडल्या.

"शिडी आहे का कुणाकडे?" तो म्हणाला.

"सर्वेअर, आपण अर्ध्या तासासाठी आलोय," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, माझ्या सहीने सात घरं बुडाली. रेघेकडे बघितलं, फरशीकडे बघायला हवं होतं. मी वर चढतो, तुम्ही लिहा. नसेल लिहायचं, तर मी माझ्या वहीत लिहीन."

मॅडमनी फाइलीतून सात कोरे कागद मोजून बाजूला काढले.

पुतण्याने हाताची घडी सोडली. "काकांकडे शिडी आहे. आणतो." तो वळला.

"थांब," मावशी त्याच्या मागे गेल्या. ओट्यावर त्यांनी त्याचा दंड धरला. "तुझ्यावर संशय घेतला मी. चुकले."

"बघितलं की मी. डेपोत."

"मशीन छान चालतंय."

"मग?"

"मग काही नाही. घर मात्र मी विकणार नाही."

पुतण्याने मावशींकडे पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. "माहितीये गं. शिडी धरायला ये."

सर्वेअर मावशींच्या भिंतीला शिडी लावणार, तेवढ्यात मावशींनी हात आडवा केला. "इथून नाही. तिकडच्या टोकापासून सुरुवात करा. रिक्षावाल्याचं घर पहिलं. माझं शेवटी. मधलं एकही सुटलेलं मला चालणार नाही."

सगळी गल्ली पहिल्या घरापाशी गेली. सर्वेअर वर चढला. वाशांवरची ताडपत्री त्याने बाजूला सारली आणि खाली ओरडून सांगितलं, "छप्पर पत्र्याचं! पाच पत्रे उडालेले. दोन वाशे मोडलेले. भिंतींना तडे, वरून खाली. नुकसान वाऱ्याने!"

खाली रस्त्यात उभ्या उभ्या, फाइल हातावर धरून, मॅडम लिहायला लागल्या.

"काय लिहिलंत?" मावशींनी विचारलं.

"पत्रा."

"वाचून दाखवा," मावशी म्हणाल्या. "मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."